जेनेसिस नेमका कधी संपला?

आज टिळकवाडीत मित्राच्या घरी पुन्हा तोच वाद. जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडचा सगळ्यात भारी काळ कुठला? आमच्यातला एकजण कट्टर गॅब्रिएलवाला. त्याच्या हिशोबाने 1975 ला गायक पीटर गॅब्रिएल बाहेर पडला आणि बँडचं तेरावं झालं. "कोल्ह्याचं मुंडकं आणि लाल झगा घालून स्टेजवर येणारा दुसरा गायक दाखव की!" संगीत नाटकं बघत वाढलेल्या माणसाला हे वेड पटतं, तो भाग वेगळा.

मी म्हटलं, 1976 चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' अल्बम नीट ऐक बे. ड्रमवरचा फिल कॉलिन्स गायला लागला, तरी बँड डगमगला नाही. माझ्या लेखी खरी फट पडली 1977 ला, गिटारवाला स्टीव्ह हॅकेट बँड सोडून गेल्यावर. मग 'फर्थ ऑफ फिफ्थ' हे त्यांचं गाणं लावलं. त्यात हॅकेटची गिटार एकेक सूर असा लांबवते की कुंद्याचा चमचा हातातच राहतो. गॅब्रिएलवाला लगेच उसळला, "ती चाल आधी बासरीवर येते, आणि बासरी कोणाची?" गॅब्रिएलचीच. इथे मला गप्प बसावं लागलं.

ऐंशीच्या दशकाबद्दल कोणी फार बोललं नाही. 1986 मध्ये 'इन्व्हिजिबल टच' हे गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, म्हणून आम्ही त्याला नाक मुरडतो, एवढंच. तेवढ्यात आतून वहिनी म्हणाल्या, "मला तेच आवडतं, लावा की ते."

लावलं. गॅब्रिएलवाला पायाने ठेका धरून होता. मी बघितलंय. आता कमेंटमध्ये नाकारेल बघा!