राग आहे, पण कोणावर?

24 जुलै 2025, गुरुवार. दिव्यांची अवस.

परवा रात्री वहिनीचा फोन आला. पाऊस कसा आहे, भाजी काय केलीस, एवढं झाल्यावर तिनं अगदी सहज विचारलं, "ती फाईल आता रद्दीत घालू का गं?" मी "बघू" म्हणाले आणि विषय बदलला. तेव्हापासून कशात लक्ष लागत नाही. 2006 च्या लोकलमधल्या ज्या बॉम्बस्फोटांत दादा गेला, त्यांच्या खटल्याचा हायकोर्टाचा निकाल सोमवारी आला तेव्हासुद्धा माझं असं झालं नव्हतं. टीव्हीसमोर बसून खालची पट्टी वाचत होते, बाराच्या बारा निर्दोष, आणि आत काहीच हलत नव्हतं. फाईलचं विचारलं आणि सगळं वर आलं.

निळी फाईल, दोरीची. पहिलं कात्रण 12 जुलै 2006 चं. ते बाबांनी कापलेलं, वहिनी तेव्हा कुठे भानावर होती. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. प्रत्येक स्टेशनाखाली बाबांनी बॉलपेननं रेघ मारली आहे, जोगेश्वरीखाली दोनदा, आणि दुसऱ्यांदा इतकी दाबून की कागद फाटलाय. अकरा मिनिटांत सात स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. दादानं फर्स्ट क्लासचा पास त्याच वर्षी काढला होता. गर्दीचा त्रास नको म्हणून आईनंच... जाऊ दे. आईबद्दल आज लिहवणार नाही.

पुढची कात्रणं एटीएसची, म्हणजे दहशतवादविरोधी पथकाची. तेरा जणांना अटक, पाकिस्तानातून कट, मकोका म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कडक कायदा. मग 2008 पासून दोन वर्षं फाईलमध्ये जवळजवळ काही नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाची खटल्याला स्थगिती होती. ती 2010 मध्ये उठली. सप्टेंबर 2015 चं कात्रण सगळ्यात मोठं: पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप, एक जण निर्दोष. बाबांनी त्यावर तारीख घातली, कात्री खणात ठेवली आणि म्हणाले, "संपलं बाई एकदाचं." त्यानंतर फाशी कायम करण्यासाठी प्रकरण हायकोर्टात गेलं आणि तिथंच राहिलं. खंडपीठं बदलत गेली. नियमित सुनावणी सुरू व्हायला 2024 चा जुलै उजाडला. तोवर बाबा नव्हते.

मला राग येतोय. दोन दिवस नुसता राग येतोय, आणि तो कोणावर आहे तेच धड सांगता येत नाही. इतकी वर्षं माझ्या रागाला नाव-गाव होतं. पेपरात फोटो छापून यायचे, त्यांच्याकडे बघून मी मनातल्या मनात काय काय बोलले आहे ते इथेसुद्धा लिहिणार नाही. आता कोर्ट म्हणतं की यांनीच हे केलं असं मानणं अवघड आहे. कबुलीजबाब मारहाण करून घेतलेले, त्यातले काही भाग शब्दाला शब्द सारखे. ओळख पटवणारे टॅक्सीवाले शंभरावर दिवस गप्प होते आणि मग एकदम बोलायला लागले. बॉम्ब नेमका कसला होता हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. माझ्या भावाला ज्यानं मारलं तो बॉम्ब कसला होता, हे 19 वर्षांत कोणी कोर्टापुढे नीट मांडलं नाही! मग ही 19 वर्षं तुम्ही करत काय होतात?

सोसायटीच्या ग्रुपवर सगळे पेटलेत. परत आत टाका, फासावर द्या. ते वाचून बरं वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटलं. बारांपैकी एक जण 2021 मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडनं गेला. सोमवारी तोही निर्दोष ठरला. त्याच्या घरी ही बातमी कशी वाचली असेल, हे डोक्यातून जात नाही. त्यांचीही 19 वर्षं गेलीच की. आणि मग मला माझाच संताप येतो, की मी त्यांच्या घराचा विचार का करतेय, आमचं काय? आमच्या घराचा विचार कोणी करायचा? 26/11 वाल्यांना निदान कसाब मिळाला, चार वर्षांत फासावर गेला. आमच्या वाट्याला काय, तर दर 11 जुलैला माहीम स्टेशनवरची फुलं आणि एखाद्या चॅनलवाल्याचा "आज कसं वाटतंय?" असा फोन. लोकांना तर सात गाड्या म्हटलं की आधी आठवतं ते मुंबईचं स्पिरिट. दुसऱ्या दिवशी गाड्या भरभरून धावल्या म्हणे. धावल्या, खरंय. आम्ही तेव्हा कूपर हॉस्पिटलच्या आवारात होतो.

आज संध्याकाळी शेवटी वहिनीकडे गेले. तिनं घरातले सगळे दिवे चिंचेनं लख्ख घासून पाटावर मांडले होते, कणकेचे दिवे उकडत होते. बातमी येऊन गेली होती, सर्वोच्च न्यायालय म्हणतंय: हायकोर्टाचा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायची गरज नाही. वहिनीनं ऐकलं आणि गॅस बारीक केला. "म्हणजे आता पुढची तारीख," एवढंच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती दमली आहे. मी तिला एकदाही विचारलं नाही की फाईल रद्दीत घालावीशी तुला का वाटली. विचारायची गरज नव्हती.

साडेआठला भाचा आला, त्याच लाईननं, त्याच गर्दीतून. बॅग टाकली आणि म्हणाला, "फाईल मला दे, आत्या. आई म्हणते रद्दी, तू म्हणतेस बघू. मला वाचायचीय." निकालही तो वाचतोय, मोबाईलवर, सहाशेच्या वर पानं आहेत. त्यानं मला सुरुवातीचाच भाग वाचून दाखवला. त्याचा अर्थ असा, की गुन्हा उलगडला असा नुसता देखावा उभा केला तर लोकांना खोटं समाधान मिळतं, आणि खरा धोका मोकळाच राहतो. मी म्हटलं, "तुला राग नाही येत?" तो म्हणाला, "मला बाबा आठवतच नाहीत गं. मला फक्त कळायला हवंय, कोणी केलं ते."

दिवा तुपात बुडवून खाताना मी हेच घोळवत होते. माझ्या रागाला बहुधा आता ठिकाण मिळणार नाही, आणि ते मला चालवून घ्यावं लागेल. दादाला मारणारा कोण, हे न कळताच कदाचित मी म्हातारी होईन. बाबा तसेच गेले, फक्त आपल्याला कळलंय अशा समजुतीत गेले. हे लिहिताना हात थांबतोय, पण सकाळी वाटत होतं तितकं असह्य आता वाटत नाही.

एक गोष्ट मात्र सोडवत नाही. निकाल लागल्या लागल्या सरकार दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात धावलं, जुनाच तपास खरा होता हे पटवायला. हे नसतील तर मग कोण, नव्यानं तपास करणार का, असं विचारताना मी अजून कोणाला ऐकलं नाही. 2008 मध्ये मुंबई क्राइम ब्रँचनं पकडलेल्या लोकांनी याच स्फोटांची निराळीच हकिगत सांगितली होती. ते कात्रणही फाईलमध्ये आहे, बाबांनी बाजूला प्रश्नचिन्ह काढलंय.

भाच्याबरोबर बसून अर्जाचा मसुदा केला. गृहखात्याला, एका पानाचा. एवढंच विचारलंय की 11 जुलै 2006 च्या स्फोटांचा तपास पुन्हा सुरू करणार का, आणि नसाल तर का नाही. वहिनीनं वाचला, दादाच्या नावापुढे "कै." घालायचं राहिलं होतं ते घातलं आणि स्वतःची सही केली. सोमवारी रजा टाकून मंत्रालयात देऊन येईन. उत्तर येईल तेव्हा येईल. तारखेचा शिक्का मारलेली पोच मात्र हातात घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.