सहा फूट पाण्याखालचा राखणदार

त्या माशाला मी पाण्याबाहेर किती वेळ धरलं होतं ते मला नेमकं माहीत आहे, कारण मेहुण्याने व्हिडिओ काढलाय. 48 सेकंद. गळ काढायला दहा-बारा, बाकीचे सगळे फोटोसाठी. "दाजी, जरा वर धरा. आता इकडे बघा. ऊन पडू द्या त्याच्यावर." मीही हौसेने धरत होतो. चार दिवसांच्या प्रवासातलं बाकीचं हळूहळू पुसट होत चाललंय, ते 48 सेकंद मात्र होत नाहीत.

आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात आल्बनीहून ॲडिरॉन्डॅकला गेलो होतो. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना उंच इमारती आठवतात, पण या राज्याच्या उत्तरेला साठ लाख एकरांचं डोंगर-जंगल-तळ्यांचं उद्यान आहे, 1892 सालचं. त्यातली सरकारी मालकीची जंगलं कायम रानच राहतील असं राज्याच्या घटनेतच लिहून ठेवलंय. हमरस्ता सोडून कीन व्हॅलीकडे वळलं की दोन्ही बाजूंनी कडे अंगावर येतात आणि घाटातून जाताना मला दर वेळी ताम्हिणी आठवतो. लेक प्लॅसिडला गर्दी होती, थांबलो नाही. मुक्काम सॅरनॅक लेक गावात.

गाव मला फार आवडलं. जुन्या घरांना काचेचे मोठमोठे व्हरांडे आहेत. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा रुग्णांना इथे थंड, स्वच्छ हवेत दिवसच्या दिवस झोपवून ठेवत, त्यासाठीचे ते व्हरांडे. डॉक्टर ट्रूडो स्वतः क्षयाचे रुग्ण, त्यांनीच 1880 च्या दशकात इथे आरोग्यधाम काढलं. आमची खोली अशाच एका जुन्या घरात होती. घरमालकीणबाईंनी पहिल्याच संध्याकाळी आमच्या हातात डोक्यावरून ओढायच्या जाळीच्या दोन टोप्या ठेवल्या. पैसे घेतले नाहीत. त्यांचं मोल दुसऱ्या दिवशी कळलं.

काळ्या माश्यांबद्दल बोलायलाच हवं. डासासारखी सुई खुपसून त्या थांबत नाहीत, कातडी फाडून रक्त पितात. कानामागे, केसांच्या कडेला, मोज्याच्या वर. वाहत्या स्वच्छ पाण्यात त्यांची पैदास होते, म्हणजे नद्या जितक्या चांगल्या तितक्या या जास्त. मे-जूनमध्ये इथे येऊ नका असं मी सांगेन, आणि त्याला माश्यांपेक्षा मोठं कारण आहे, ते पुढे येतंच.

आम्हाला हवा होता स्मॉलमाउथ बास. थंड, स्वच्छ, खडकाळ पाण्यातला मासा. काशाच्या भांड्यासारखा रंग, अंगावर उभे पट्टे, लालसर डोळा. लार्जमाउथ बासचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो, याचा अलीकडेच संपतो. त्याच्या शास्त्रीय नावाची गंमत आहे: मायक्रोप्टेरस म्हणजे लहान पराचा. लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1802 मध्ये नाव दिलं तेव्हा त्याच्यापुढच्या नमुन्याचा पाठीवरचा पर मोडका होता. एका जखमी माशाचं व्यंग सगळ्या जातीला चिकटलं ते आजतागायत. गळाला लागला की हा मासा पाण्याबाहेर उसळतो, डोकं झटकतो, आणि दोन किलोसुद्धा नसलेला जीव माणसाचं मनगट दुखवतो.

वाटाड्या साठी ओलांडलेला, राज्याचा परवाना असलेला. हे गृहस्थ बोलायचे कमी आणि पाण्याकडे बघायचे जास्त. होडी सेकंड पाँडवरून सोडली आणि लोअर सॅरनॅकच्या बेटांमध्ये शिरलो. पाणी किंचित चहाच्या रंगाचं, पण उन्हात तळ दिसत होता. पहाटेच्या शांततेत लून पक्षी ओरडला. तो आवाज ऐकून अंगावर काटा येतो, कुणीतरी लांबून हाक मारून मध्येच थांबल्यासारखा. गळाला लावायची शिशाची वजनं गिळून हे पक्षी मरायचे, म्हणून या राज्यात लहान शिसं विकायला 2004 पासून बंदी आहे. वाटाड्याच्या डब्यात सगळी टंगस्टनची होती.

पहिले दोन बास लहान होते. तिसरा एका बुडालेल्या ओंडक्याजवळ लागला. रबरी अळी तळाला टेकली आणि लगेच दोर बाजूला सरकला. तीनदा उसळला. सतरा इंच. मी हरखून गेलो होतो, आणि मेहुण्याचा फोन तयार होताच.

वाटाड्याने मोजपट्टी बाजूला टाकली आणि पाण्याकडे बघत म्हणाला, "सोडा. लवकर सोडा." मी सोडला. मग त्याने आपला काळा चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि बोट दाखवलं.

ओंडक्याच्या कडेला सहा फूट खाली मोठ्या परातीएवढं स्वच्छ वर्तुळ होतं. आजूबाजूच्या तळावर गाळ, आणि तेवढ्याच जागी धुऊन मांडल्यासारखे खडे. पाणी साधारण पंधरा-सोळा अंश सेल्सिअसला आलं की नर शेपटीने गाळ झाडून हे घरटं करतो. मादी अंडी घालून निघून जाते. राखण त्याची एकट्याची. अंड्यांवर पर हलवून पाणी खेळतं ठेवायचं, पिल्लं निघाली की त्यांचा काळा पुंजका पांगेपर्यंत त्याच्याभोवती फिरत राहायचं. हे काही आठवडे चालतं आणि तेवढ्या काळात तो धड खातही नाही. माझ्या अळीवर तो भुकेने आलाच नव्हता. घरात शिरलेल्या चोरावर धावला होता.

आता त्या वर्तुळात पंपकिनसीड होते, भोपळ्याच्या बीसारखे चपटे, केशरी पोटाचे देखणे मासे. सहा-सात तरी. सोबत दोन पिवळे पट्टेवाले पर्च. खाली डोकं, वर शेपूट, खड्यांतून टिपत होते. कोंबड्या दाणे टिपतात तसे.

"तो कुठे गेला?" मी विचारलं.

"होडीखाली. दम घेतोय."

मी घड्याळ लावलं. एक मिनिट. दोन. मेहुण्याने फोन खिशात ठेवला होता. चौथ्या मिनिटाला मी वल्ह्याने पाणी हलवून त्या माशांना हाकलायला लागलो, तेव्हा वाटाड्या म्हणाला, तुम्ही होडी हलवाल तर तोही येणार नाही. मग हात मांडीवर ठेवून बसलो. सातव्या मिनिटाला तो ओंडक्याखालून आला. सरळ नाही, तिरका, दमलेला. मग एकदम अंगात आल्यासारखा पर्चवर धावला, पंपकिनसीड फुटले, आणि तो वर्तुळाच्या मधोमध येऊन परत पर हलवायला लागला. अंडी किती उरली होती ते वरून दिसत नव्हतं. फार थोडी उरली तर नर घरटं सोडून देतो, हेही वाटाड्याने विचारल्यावरच सांगितलं.

मला त्या क्षणी उजनीचा फुगवटा आठवला. भिगवणजवळ माझ्या मामाची होडी होती. मी नऊ-दहा वर्षांचा असताना माझ्या गळाला चिलापी लागली, आणि होडीत टाकल्या टाकल्या तिच्या तोंडातून तिळाएवढी पिल्लं सांडली. मी ओरडलो. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडातच सांभाळते, मला ठाऊक नव्हतं. मामा मासे विकून घर चालवणारा माणूस, त्या दिवशी जाळ्यात फार नव्हतंच. पण तो म्हणाला, "सोड तिला. तोंडात पोरं हायती." आणि होडीतलं पाणी ओंजळीने भरभरून त्याने ती पिल्लंसुद्धा बाहेर सोडली.

इथे नियम माझ्या बाजूने होता. न्यूयॉर्कमध्ये 1 डिसेंबर ते 14 जून बास धरून सोडायला परवानगी आहे, फक्त आमिष कृत्रिम हवं. घरट्यावरचा नरही त्यात आला. मला हा नियम चुकीचा वाटतो. सोडला म्हणजे काही बिघडलं नाही, हे मी सात मिनिटं खोटं ठरताना पाहिलं. मी वाटाड्याला म्हणालो, तुम्ही आधीच का नाही सांगितलंत? तो म्हणाला, बहुतेक गिऱ्हाइकं याच मोठ्या माशासाठी जूनमध्ये येतात. मला राग आला, पण होडीतलं गिऱ्हाईक मीच होतो.

मग तो आणखी एक गोष्ट म्हणाला. यातल्या बहुतेक तळ्यांत बास मूळचा नाहीच. एकोणिसाव्या शतकात माणसांनी हौसेने आणून सोडला. इथला अस्सल मासा ब्रूक ट्राउट, आणि बास आल्यावर त्याची बऱ्याच ठिकाणी पीछेहाट झाली. लिटल मूस लेकमध्ये तर कॉर्नेल विद्यापीठाचे लोक 2000 सालापासून पाण्यात वीज सोडून बास काढतायत. "तुम्ही एक घरटं मोडलंत म्हणून ट्राउटवाले तुमचे आभारच मानतील," असं तो गंभीरपणे म्हणाला.

त्याचं खोटं नव्हतं. चिलापीही परदेशी. 1952 मध्ये भारतात आणली आणि आज उजनीत सगळीकडे तीच. मामाला ती परदेशी आहे हे माहीत होतं का, मी कधी विचारलं नाही. माहीत असतं तरी त्याने ती पिल्लं सोडली असती, याबद्दल मला शंका नाही. तळ्याचा हिशेब शास्त्रज्ञांनी जरूर करावा, लागलं तर बास काढावेतही. मी मात्र तिथे ट्राउट वाचवायला गेलो नव्हतो, फोटोसाठी गेलो होतो.

त्या दिवशी पुढे गळ टाकला नाही. हाताने चालवायच्या दरवाजांच्या जुन्या लॉकमधून, म्हणजे होडीला एका पातळीच्या पाण्यातून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या हौदातून, मिडल सॅरनॅकला जाऊन आलो, ते सुंदर होतं. तिसरा दिवस पावसात गेला.

चौथ्या दिवशी सकाळी परतण्याआधी मी वाटाड्याला पुन्हा गाठलं. रॉड घेतला नाही. त्यानेही कशाला म्हणून विचारलं नाही, पैसे मात्र अर्ध्या दिवसाचे घेतले. ओंडका लगेच सापडला. पण वारा सुटला होता, पाण्यावर बारीक लाटा, आणि तळाच्या जागी नुसतं आभाळ हलत होतं. चष्मा लावून पाहिलं, काठाच्या झाडांच्या सावलीत होडी नेऊन पाहिलं. अर्धा तास थांबलो. एकदा काहीतरी गडद ओंडक्याकडून मध्ये सरकल्यासारखं वाटलं.

"तोच का?" मी विचारलं.

वाटाड्या बराच वेळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "वारा पडला तर कळेल." वारा पडला नाही.