सतरा इंचांसाठी तेवीस दिवस

परभणीतील आमच्या जुन्या घराच्या संडासाची फरशी दोन वर्षांपूर्वी बदलली, तेव्हा गवंड्याने जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नव्या टाइल्स बसवल्या आणि कमोड होते तिथेच राहू दिले. जमीन दीड इंचाने वर आली आणि कमोडची बैठक तेवढीच खाली गेली, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नाही. आईचे गुडघे दुखू लागल्यावर, ती उठताना नळाची तोटी धरून अंग वर ओढते हे मी पाहिले आणि त्याच दिवशी टेपने मोजले: फरशीपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत अवघे साडेचौदा इंच.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी जितके उंच तितके चांगले, असे सगळेच सांगत होते. अमेरिकेत अपंगांच्या सोयीसाठी ठरवलेल्या मानकात ही उंची १७ ते १९ इंच आहे, परंतु माझी आई चार फूट दहा इंचांची आहे. म्हणून तिला घरातल्याच खुर्च्यांवर बसवून पाहिले आणि कमी पडेल तिथे घडी घातलेली सतरंजी ठेवली. साडेअठरा इंचांवर तिच्या टाचांखालून वर्तमानपत्राचा कागद सहज सरकला, म्हणजे टाचा टेकतच नव्हत्या. सतरा इंचांवर पाऊल पूर्ण टेकले आणि गुडघ्यावर हात न ठेवता ती उठली. आकडा ठरायला अर्धा तास पुरला.

पुढचे तेवीस दिवस मात्र दुकानात गेले आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. "ताई, कमोड म्हणजे कमोड, उंची सगळ्यांची सारखीच असते," हे पहिले उत्तर मिळाले. मी माहितीपत्रक मागितले, तेव्हा दुकानदाराने ज्या आकड्यावर बोट ठेवले तो टाकीसह पूर्ण उंचीचा होता. भांड्याच्या काठाची उंची खाली बारीक अक्षरांत वेगळी छापलेली होती, आणि तीही सीटशिवायची. सीटची जाडी साधारण पाऊण इंच धरावी लागते, हे मला तिथे उभ्या असलेल्या एका प्लंबरने सांगितले. ४१० मिलिमीटर काठाचे एक मॉडेल सीटसह सतरा इंचांना जवळजवळ बरोबर बसत होते, परंतु ते छत्रपती संभाजीनगरहून मागवावे लागणार होते. मी तीन हजार रुपये आगाऊ दिले. आठ दिवसांत येईल असे सांगितलेले कमोड आज गाडी निघाली, उद्या गोदाम उघडेल, असे करत करत तेविसाव्या दिवशी आले, आणि प्लंबरने खोके उघडताच मान हलवली. आमच्याकडे मैला जमिनीतून जातो, म्हणजे एस ट्रॅप लागतो. आलेले भांडे भिंतीतून निघणाऱ्या नळीचे, पी ट्रॅपचे होते. मी पहिल्याच दिवशी कागदावर 'एस ट्रॅप, भिंतीपासून नऊ इंच' असे लिहून दिले होते. दुकानदाराने तो कागद सापडत नसल्याचे सांगितले आणि मागवलेला माल परत घेत नसल्याचेही सांगितले.

त्या दिवसांत आईसाठी औषधाच्या दुकानातून कमोडवर बसवायची उंच सीट आणली होती, पण त्यांच्याकडे चार इंचांचीच होती. म्हणजे पुन्हा साडेअठरा इंच. पायाखाली लाकडी पाट ठेवला, तर उठताना तोच सरकू लागला, म्हणून तो दुसऱ्याच दिवशी काढला. दोन इंचांची सीट मिळत असेल तर आधी ती पाहावी.

शेवटी उपाय घरातच निघाला. त्याच प्लंबरने जुने कमोड उचलले, खालचा खड्डा नव्या फरशीच्या पातळीपर्यंत भरला आणि वर एक इंचाचा काँक्रीटचा थर दिला. खड्ड्याचा दीड आणि थराचा एक असे अडीच इंच वाढले, मैल्याच्या नळीला तेवढाच लांब जोड लावला आणि बैठक बरोबर सतरा इंचांवर आली. हा थर कमोडच्या बुडाच्या आकाराचाच ठेवायला मी उभे राहून लावले; तो रुंद केला असता तर पाय त्याच्यावरच पडले असते आणि थराने वाढवलेला इंच वाया गेला असता. तीन दिवस त्याच्यावर कोणाला बसू दिले नाही. चौथ्या दिवशी आई बसली आणि आतूनच म्हणाली, "बाई, पाय टेकायलेत बरं."

सुरुवातीलाच सांगायला हवे होते ते असे, की माप नेहमी तयार फरशीपासून घ्यावे. भिंतीवर टांगायचे कमोड असेल तर हे अधिकच महत्त्वाचे, कारण त्याची लोखंडी चौकट टाइल्स बसण्यापूर्वी भिंतीत जाते. आणि आधाराचा दांडा भिंतीत लावताना माणसाला प्रत्यक्ष बसवून, त्याचा हात आपोआप जातो तिथे खूण करावी. आमच्याकडे प्लंबरच्या अंदाजापेक्षा ती चार इंच खाली आली.

पी ट्रॅपचे ते कोरे कमोड अजून जिन्याखाली खोक्यातच आहे. पावती मी जपून ठेवली आहे आणि पैसे परत मिळेपर्यंत दर सोमवारी दुकानात जाते.