काय कमी आहे तुला?

मागच्या वर्षी मे महिन्यात मी तासगावला घरी गेले, तेव्हा मागच्या सोप्यात कैऱ्यांची पाटी तशीच पडलेली दिसली. बाबांनी आठवड्यापूर्वी लोणच्यासाठी पाच किलो कैऱ्या आणल्या होत्या. वरच्या सुरकुतल्या होत्या आणि खालच्या पिवळ्या पडून मऊ झाल्या होत्या. आमच्या घरी कैरी आणल्या दिवशीच धुऊन, पुसून फोडली जाते आणि चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवतानाही आईने हा नियम कधी मोडला नव्हता. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी कारण विचारले तेव्हा, "काही नाही गं, कंटाळा आला," एवढेच म्हणाली.

कंटाळा हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यामागे आजार असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. मलाही आले नाही. मला शंका आली ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरमुळे. आई रोजचे दूध त्या चौकोनांत लिहिते: एक, दीड, पाहुणे आले तर दोन, गवळी आला नाही तर फुली. मे महिन्याचे सगळे चौकोन रिकामे होते. मी पाने मागे उलटत गेले. एप्रिल कोरा होता आणि मार्चही कोराच होता. फेब्रुवारीच्या 9 तारखेपर्यंत तिचे वळणदार आकडे होते, त्यानंतर काहीच नव्हते. तीन महिने बाबा गवळ्याला तो सांगेल तेवढे पैसे देत होते आणि त्यांनाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. एखाद्या माणसाचे आजारपण नेमके कुठल्या तारखेला सुरू झाले हे इतक्या स्पष्टपणे लिहिलेले मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

"तिला काय कमी आहे?" बाबांनी मला विचारले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, खरेखुरे कोडे होते. पेन्शन वेळेवर येते, घर स्वतःचे आहे, दोन्ही मुले मार्गी लागली आहेत. हाच प्रश्न मावशीने विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला आणि शेवटी आईनेही स्वतःला विचारला. उत्तर सापडेना, म्हणून तिने आपणच आळशी आणि कृतघ्न झालो असल्याचा निष्कर्ष काढला. माझ्या मते या प्रश्नाने तिचे जितके नुकसान केले तितके दुसऱ्या कशानेही केले नाही. 'नैराश्य' या शब्दात आशाभंग आहे, म्हणजे काहीतरी हवे होते आणि ते मिळाले नाही असा अर्थ त्यात आपोआप येतो. त्यामुळे आपण लगेच कारणाच्या मागे लागतो. कारण सापडले तर म्हणतो, "साहजिकच आहे, होईल हळूहळू बरे." सापडले नाही तर म्हणतो, "मग हे सगळे कशासाठी?" दोन्ही वाटांनी डॉक्टरांकडे जाणे राहूनच जाते.

आजार म्हणून नैराश्य ओळखताना डॉक्टर आधी लक्षणे आणि कालावधी पाहतात. मन सतत उदास असणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस जाणे, या दोहोंपैकी किमान एक लक्षण असावे लागते. त्यांच्या जोडीला झोप आणि भूक बिघडणे, थकवा, हालचाली मंदावणे किंवा जिवाची तगमग होणे, लक्ष न लागणे, अपराधी वाटणे, मरणाचे विचार येणे यांपैकी काही लक्षणे दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज आणि निदान दोन आठवडे टिकलेली असावी लागतात. आई उदास आहे असे कधीच म्हणाली नव्हती. तिच्या तक्रारी शरीराच्या होत्या: पाठ भरून येते, तोंडाला चव नाही, डोके बधिर होते, पहाटे साडेतीनला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत छातीत धडधडते. साठी ओलांडलेल्या माणसांत हा आजार अनेकदा असाच अंगदुखीचा वेश घेऊन येतो. सकाळी तिला उठवत नसे आणि संध्याकाळी मात्र ती थोडी बोलू लागे. "संध्याकाळी बरी असते, मग सकाळी काय होते?" असे बाबा म्हणत. सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी असा चढउतार तीव्र नैराश्याच्या एका प्रकारात ठरलेलाच असतो, हे आम्हाला नंतर समजले.

आधी आम्ही गावातल्याच एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या आणि रात्रीसाठी झोपेची गोळी लिहून दिली. आई तीन आठवडे झोपली, पण बाकी काहीच बदलले नाही. उलट दिवसभर गुंगी राहू लागली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे औषध लिहून दिले तेव्हा घरातल्या प्रत्येकाने "सवय लागेल" म्हणून विरोध केला, आणि ज्या गोळीची खरोखर सवय लागू शकते ती मात्र तीन आठवडे कोणीही एक शब्द न काढता तिला देत होतो.

मानसोपचारतज्ज्ञ सांगलीला होते. पहिल्या भेटीत त्यांनी चाळीस मिनिटे दिली. रक्ताच्या तपासण्या सांगितल्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, साखर, सोडियम. थायरॉइडचे काम मंदावले किंवा बी-12 कमी झाले तरी माणूस हुबेहूब असाच दिसू शकतो, म्हणून आधी ते पाहावे लागते. आईचे बी-12 कमी निघाले, तशी इंजेक्शने सुरू झाली. पण केवळ तेवढ्याने हे होणार नाही, असे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, तो मला त्या वेळी विचित्र वाटला: "आयुष्यात कधी असा काळ होता का, की झोप न घेताही चार-सहा दिवस अंगात प्रचंड उत्साह असायचा, खर्च वाढायचा, बोलणे थांबायचे नाही?" नैराश्य आणि उन्माद आलटून पालटून येणाऱ्या द्विध्रुवी आजारात नुसते नैराश्याचे औषध दिले तर उन्माद उसळू शकतो, म्हणून हे विचारायचे असते. आईच्या बाबतीत उत्तर नाही असे होते.

त्यानंतर त्यांनी तिच्या आईबद्दल विचारले. आजी दर काही वर्षांनी महिनेन्महिने अंथरुणाला खिळायची, कोणाशी बोलायची नाही. तिला बाहेरचे झाले आहे असे समजून देवऋषाकडे नेत असत. आईने हे आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने सांगितले असावे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या आजारातला आनुवंशिक वाटा साधारण 35 ते 40 टक्के धरला जातो, म्हणजे उरलेला वाटा आयुष्यात घडणाऱ्या गोष्टींचा. त्यात लहानपणीचे आघात येतात, जवळच्या माणसाचा मृत्यू, कर्ज, एकटेपणा, दीर्घ आजार, हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका, स्टेरॉइडसारखी काही औषधे आणि दारूही येते. स्त्रियांत हा आजार पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट आढळतो. आईच्या बाबतीत निवृत्तीला नऊ महिने होऊन गेले होते आणि त्याच हिवाळ्यात तिची जुनी सहशिक्षिका वारली होती. हे कारण आहे का? असेलही. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवले नाही. "कारण पूर्ण समजल्यावरच उपचार सुरू करायचे ठरवले, तर बरेच रुग्ण घरीच राहतील," असे ते म्हणाले. तेव्हाच माझ्या डोक्यातला 'काय कमी आहे' सैल झाला.

मेंदूत सेरोटोनिन कमी होते म्हणून नैराश्य येते, हे इतक्या वेळा ऐकलेले असते की ते सिद्ध झाले आहे असेच वाटते. आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासणारा एक मोठा आढावा 2022 मध्ये प्रसिद्ध झाला आणि या साध्या समीकरणाला सातत्यपूर्ण पुरावा नसल्याचे त्यात दिसले. त्यावरून औषधे निरुपयोगी आहेत असा अर्थ काहींनी काढला, तो चुकीचा आहे; डोकेदुखी पॅरासिटामॉलने थांबते, म्हणून ती शरीरात पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळे झालेली नसते. खरे तर ही औषधे कुठल्या सिद्धांतातून जन्मलीच नाहीत. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधल्या एका क्षयरोग रुग्णालयात आयप्रोनियाझिड हे क्षयाचे नवे औषध दिल्यावर मरगळलेले रुग्ण कमालीचे उत्साही झालेले दिसले, आणि तिथून हा सगळा शोध सुरू झाला. काही वर्षांतच स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून या मानसोपचारतज्ज्ञांना इमिप्रामिन या दुसऱ्या औषधाचा नैराश्यावरचा उपयोग लक्षात आला. काम कसे होते हे समजण्याआधी काम होते हे दिसले, असा हा इतिहास आहे.

आईला एस्सिटालोप्राम हे नैराश्याचे औषध सुरू झाले, आधी 5 मिलिग्रॅम आणि दहा दिवसांनी 10. पहिल्या आठवड्यात तिला मळमळले आणि अस्वस्थपणा वाढला. हे डॉक्टरांनी आधीच सांगितले नसते तर आम्ही गोळी नक्कीच बंद केली असती. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि वयस्कर माणसांत त्याहून अधिक. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर असा हा उलटा व्यवहार आहे, आणि अनेक जण नेमके त्या मधल्या पट्ट्यात औषध सोडतात. या वयात रक्तातले सोडियम उतरू शकते, म्हणून तीन आठवड्यांनी ते पुन्हा तपासले. पहिल्याच औषधाने सगळ्यांना पूर्ण बरे वाटते असेही नाही. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने सुमारे एक तृतीयांश रुग्ण पूर्ण लक्षणमुक्त झाले, बाकीच्यांना औषध बदलावे किंवा जोडीला दुसरे द्यावे लागले. आमचे नशीब चांगले होते, एवढेच म्हणता येईल.

औषधाइतकेच महत्त्वाचे दुसरे काम कॅलेंडरवर झाले. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आईला विचारले, की पूर्वी ती रोज काय काय करत असे. दुधाच्या नोंदींचा विषय मी काढला. "मग तेवढेच करायचे," असे बाई म्हणाल्या. "इच्छा झाली नाही तरी दूध आले की आकडा लिहायचा. पुढच्या आठवड्यात आकड्याबरोबर तुळशीला पाणी." मला ते अगदीच बाळबोध वाटले, पण या बाळबोध वाटणाऱ्या पद्धतीमागे भक्कम काम आहे. मन प्रसन्न झाले की माणूस काम करू लागेल अशी वाट न पाहता, आधी लहान, ठरलेली आणि पूर्वी समाधान देणारी कृती करायची आणि मन मागून येऊ द्यायचे, असे तिचे सूत्र आहे. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच पद्धतीची चाचणी घेतली. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी त्या गटातले 64 टक्के रुग्ण लक्षणमुक्त होते, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. तीव्र नैराश्य असलेल्या प्रौढांवर झालेला हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात असणार नाही हे उघड असताना, मला हा निकाल कुठल्याही नव्या गोळीपेक्षा मोठा वाटतो.

पहिले नऊ दिवस आईने आकडा लिहिला तो बाबांनी हातात पेन दिल्यावर. अक्षर कापत होते. दहाव्या दिवशी तिने न सांगता लिहिला, आणि शेजारी बारीक अक्षरात 'पाणी जास्त' असेही लिहिले. गवळ्याबद्दलची ही तक्रार वाचून बाबा ओट्यापाशी बराच वेळ उभे राहिले.

एक गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी तिला थेट विचारले, की जगू नये असे वाटते का. मी दचकले. आई शांतपणे म्हणाली, "झोपेतच गेले तर बरे, असे रोज पहाटे वाटते." असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो ही समजूत खरी नाही, उलट विचारल्यावर माणसाचे ओझे थोडे उतरते आणि सांभाळण्याची सोय करता येते. आम्ही घरातल्या सगळ्या गोळ्या बाबांच्या कपाटात कुलपात ठेवल्या आणि पहाटे तिच्याजवळ कोणीतरी जागे राहू लागले. असे कोणी घरात असेल तर केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. धोका समोरच दिसत असेल तर मात्र फोनवर न थांबता रुग्णालय गाठावे.

ऑगस्टमध्ये तिची पहाटेची जाग गेली, मग तोंडाला चव आली, आणि सगळ्यात शेवटी, गणपतीच्या सुमारास, ती कशावर तरी हसली. बरे वाटू लागल्यावर तिने पहिली मागणी केली ती गोळी बंद करण्याची. लक्षणे गेल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने, आणि तिच्या वयात वर्षभर, तोच डोस चालू ठेवावा लागतो, नाहीतर आजार उलटण्याची शक्यता बरीच वाढते. आणि थांबवतानाही एकदम न थांबवता हळूहळू कमी करायचे असते. डॉक्टरांनी हे तिला शिक्षकाला पटेल अशा भाषेत समजावले: "पेपर सोडवून झाला तरी घंटा होईपर्यंत वर्गात बसायचे."

यंदा जानेवारीत नवे कॅलेंडर भिंतीवर आले. आईने त्याच दिवशी सप्टेंबरचे पान उघडून एका चौकोनात 'अर्धी' असे लिहून ठेवले. बाबांना वाटले दुधाचे काहीतरी आहे. त्यांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "दूध अर्धा लिटर असते. अर्धी गोळी असते." एवढे बोलून ती मोहरीची डाळ निवडू लागली, कारण लोणच्याला अजून चार महिने होते आणि तिला डाळ आधीच निवडून ठेवायची होती.