कळ्या होत्या हो, पिल्लं झाली!

रेब्युशिया मिनुस्क्युला या माझ्या छोट्या गोल कॅक्टसच्या बुडाशी लाल ठिपके दिसल्याचं मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. चौथ्या हिवाळ्यात का होईना, पण आल्या एकदाच्या कळ्या, असं वाटलं होतं. तो आनंद तीन आठवडे टिकला.

९ फेब्रुवारीला भिंगातून मोजले तेव्हा ट्रेमधल्या चार कुंड्यांत मिळून अकरा ठिपके होते. जिन्याच्या खोलीच्या कट्ट्यावरच्या दोन कुंड्यांत तीन. सगळे तांबूस, टोकदार, खालच्या एरिओलमधून (काटे आणि कळ्या जिथून फुटतात त्या गादीसारख्या ठिपक्यातून) डोकं काढणारे. साधारण २२ तारखेपासून ट्रेमधले ठिपके फुगायला लागले. लांबायच्या ऐवजी गोल होत होते तेव्हाच खरं तर शंका यायला हवी होती. १ मार्चला सकाळी भिंग लावलं तर प्रत्येकाच्या डोक्यावर पांढऱ्या बारीक काट्यांचा झुबका! कळीला खवले येतात, काटे येत नाहीत. अकराच्या अकरा पिल्लं, म्हणजे आईझाडाला फुटलेली छोटी रोपं.

त्यानंतरचे दोन दिवस घरात माझ्याशी कोणी बोललं नाही, आणि ते शहाणपणाचंच होतं.

थोडी मागची उजळणी करतो. या झाडाला कळ्या यायच्या तर हिवाळा कोरडा आणि थंड जावा लागतो. पहिले दोन हिवाळे मी दर पंधरा दिवसांनी थोडं पाणी देत होतो, कारण नर्सरीवाल्याने तसं सांगितलं होतं. (त्याच नर्सरीत सुकलेली रंगीत फुलं ग्लू गनने चिकटवलेले कॅक्टस विकायला असतात, यावरून मी ओळखायला हवं होतं.) तिसऱ्या हिवाळ्यात पाणी पूर्ण बंद केलं, तरी शून्य कळ्या. मग कमाल-किमान थर्मामीटर आणला आणि डोळे उघडले. पावसाळ्यासाठी टाकलेला प्लास्टिकचा कागद मी वर्षभर तसाच ठेवत होतो. त्याच्याखाली, पश्चिमेच्या भिंतीलगत, जानेवारीत रात्रीचं किमान १३ अंश. त्याच रात्री गच्चीच्या मध्यावर लोखंडी स्टँडवर, उघड्या आभाळाखाली, साडेदहा. दिवसभर तापलेली भिंत रात्रभर ऊब सोडत राहते, आणि कागद ती वर जाऊ देत नाही. म्हणजे मी बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या डोंगरांवरच्या झाडाला दुलईत झोपवत होतो.

म्हणून यंदा दिवाळीनंतर कागद काढला, स्टँड मध्यावर घेतला आणि पाण्याचा एक थेंब दिला नाही. जानेवारीत एका पहाटे पारा ९.२ वर गेला. झाडं सुरकुतून निम्मी मातीत बसली, आणि बसायलाच हवी होती. मग फेब्रुवारीत कळ्या आल्या. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

मग बिघडलं कुठे? पहिला संशय उन्हाचा. फेब्रुवारीच्या शेवटी दुपार ३४ वर गेली होती. पण ऊन सहाही कुंड्यांना सारखंच होतं, आणि कट्ट्यावरच्या तीन ठिपक्यांपैकी एक सुकला तरी दोन अजून कळीसारखेच दिसत होते. लवकर पाणी मिळालं की रेब्युशियाच्या कळ्यांची पिल्लं होतात, हे आपल्या कॅक्टसवाल्यांत सगळ्यांना पाठ आहे. पण मी पाणी दिलंच नव्हतं! आईला विचारलं, तिने फक्त तुळशीला घातलं होतं. मुलीला विचारलं, तिने नुसतं बघितलं माझ्याकडे.

शेवटी ट्रे उचलला. काळ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, तळापासून बोटभर उंचीवर, पांढरी रेघ. क्षाराची. दिवाळीला मी तो ट्रे घासून ठेवला होता. पावसाचं पाणी अशी रेघ सोडत नाही, ती आमच्या बोअरचीच. मग वर मान केली: स्टँड जिथे मध्यावर सरकवला तिथून टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप जेमतेम चार फूट. बॉल कॉक नीट बंद होत नाही, पहाटे पंप चालू झाला की पाइपातून पाणी उडतं आणि वारा असला की ट्रेमध्ये पडतं. ट्रेमध्ये फक्त चारच कुंड्या मावल्या म्हणून बाकीच्या दोन कट्ट्यावर गेल्या होत्या. त्या वाचल्या.

कपाळाला हात लावला. थंडीसाठी अडीच अंश कमावले आणि पाइपाखाली जाऊन बसलो.

आता पिल्लांचं काय? ठरवलं होतं की अकराही काढून पेरेस्किऑप्सिसवर (भराभर वाढणारा, पानांचा कॅक्टस) कलम करायची, भराभर फुगतील. पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं. चार आयांची ही अकरा पिल्लं आहेत, म्हणजे एका कुंडीतली सगळी हुबेहूब एकाच झाडाची नक्कल. प्रयोगाला याहून चांगला माल कुठे मिळणार? कलम रद्द. स्वतःच्या मुळांवरच वाढवायची, आणि पुढच्या हिवाळ्यात प्रत्येक कुंडीतली निम्मी पिल्लं निफाडला पाठवायची. दर जानेवारीत पेपरात निफाडचा पारा वाचून आपण स्वेटर शोधतो, तिथे माझी आत्या राहते. लगेच फोन केला.

"पाणी कधी घालायचं?"

"घालायचंच नाही, आत्या. दिवाळी ते फेब्रुवारी अजिबात नाही."

"मग ठेवायची कशाला? दगड ठेव."

पण ती ठेवणार आहे. तिच्याकडे द्राक्षांवर दव गोठतं अशा रात्री येतात. कोरड्या रेब्युशियाला तेवढं सोसतं, ओल्या मुळांना नाही.

बाकीच्या कॅक्टसचं थोडक्यात. ॲस्ट्रोफायटम ॲस्टेरियासच्या दोन झाडांची फुलं गेल्या वर्षी एका दिवशी उमललीच नाहीत, म्हणून पहिल्याचे परागकण कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले होते (लोणच्याच्या बरणीमागे, कोणाला सांगू नका). त्याचं स्वतःच्या परागकणांवर बी धरत नाही, त्यामुळे ही धडपड. चाळीस बिया मिळाल्या. गेल्या आठवड्यात पेरल्या, तिसऱ्या दिवशी पहिले हिरवे मणी वर आले, आज सव्वीस आहेत. जिम्नोकॅलिशियम बाल्डियानमवर गुळगुळीत कळी आहे, काट्याविना, केसाविना. ग्रीक नावातच 'बोडकी कळी' असलेल्या जातीला शोभेल अशी. एका मॅमिलारियाच्या मुळांवर पिठ्या ढेकूण निघाला. माती धुऊन झाड आठवडाभर उघडं वाळवतोय.

पाण्याबद्दल एक. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घाला असं हल्ली जो तो सांगतो. कॅक्टसला नको. बोअरमधले क्षार त्यात आणखी घट्ट झालेले असतात. पावसाचं साठवा, नाहीतर साध्या पाण्यात व्हिनेगरचे दोन-चार थेंब टाका.

ट्रे आता वापरातून बाद. स्टँड पाइपापासून दूर, कुंड्या सुट्ट्या. कट्ट्यावरच्या दोन कळ्यांपैकी मोठी आज सकाळी ६ मिलिमीटर भरली, टोकाला शेंदरी रंग दिसतोय आणि काटा अजून एकही नाही. प्लंबर शनिवारी येतो म्हणालाय.