आधी खा, मग ठरव

रविवार रात्र, इंदूर

अंग ठणकतंय, झोप येत नाही, म्हणून वही काढली. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची सायकलफेरी, आज वेळेत पूर्ण झाली.

घरात शिरताच सासूबाईंचा प्रश्न, "कितवी आलीस?" यात नंबर काढतच नाहीत, हे त्यांना काही केल्या पटत नाही. २०० किलोमीटर, साडेतेरा तास, ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का, आणि पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे हे नियम जगभर चालतात. खाणंपिणं, थांबे सगळं धरून ताशी पंधराचा वेग पडला की झालं. दिवसभर खुर्चीत बसून बिलं तपासणाऱ्या बाईलाही तो जमतो. फक्त दिवस मावळेपर्यंत जमत राहायला हवा.

खंडवा रोडची सकाळ भारी लाडावून ठेवते. सिमरोल, भेरूघाट, मग चोरल. माळव्याचं पठार सोडून रस्ता निमाडात नर्मदेकडे उतरतो, आणि बडवाह येईपर्यंत जो तो स्वतःला खेळाडू समजायला लागतो. परत हाच घाट चढायचाय, हे तेव्हा कोण बोलतंय!

मोरटक्क्याच्या अलीकडे चहाला थांबलो, तिथे परिक्रमेतली मंडळी बसलेली. त्यांत नऊवारीतली एक आजी, साताऱ्याकडची. "नर्मदे हर" झाल्यावर मी विचारलं, आजी, दमायला नाही होत? "हुतं की. मग बसते." एवढं बोलून त्या बशीत चहा ओतून घेऊ लागल्या. अडीच-तीन हजार किलोमीटर पायी चालायला निघालेल्या बाईचं उत्तर! मला काहीतरी मोठं ऐकायचं होतं बहुतेक.

सनावदच्या पुढून परत फिरलो. दीडशे किलोमीटर होऊन गेल्यावर, भेरूघाटाच्या पायथ्याशी, मी सोडून द्यायचं ठरवलं. रडारड काही नाही, अगदी बिलं तपासावीत तसा शांतपणे हिशेब केला. उन्हं उतरलेली, मागून ट्रकचा धूर, एखादा पिकअपवाला सायकलसकट इंदूरला सोडेलच. बरोबरचे काका बँकेतून निवृत्त झालेले, अशा ब्रेव्हेंमध्ये मुरलेले. म्हणाले, "ठरव की. पण आधी खा, मग ठरव." चिक्की दिली, मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि स्वतः रस्त्याकडे बघत बसले. टपरीवाल्याने विचारलं, "भिया, इत्ती दूर सायकल से? काय के लिए?" काकांनाही उत्तर सुचलं नाही.

दहा-पंधरा मिनिटांत तो पिकअप डोक्यातून गेला होता. शरीरातला साखरेचा साठा जेमतेम दोन हजार कॅलरींचा असतो. तो उतरणीला लागला की मेंदू आधीच हात आखडता घेतो, पायांत जोर शिल्लक असला तरी. सायकलपटूंवरच्या एका प्रयोगात कर्बोदकांचं द्रावण नुसतं तोंडात खळखळवून थुंकलं, तरी तासाभराच्या सायकलिंगची वेळ सुधारली होती. पोटात काही गेलंच नव्हतं! म्हणजे "आता होत नाही" हा निकाल पायांचा नसतो, आणि शेवटचा तर नसतोच.

जिमच्या भिंतींवर जिद्दीबद्दल जे लिहिलेलं असतं, ते वाचून मला आपण कमअस्सल असल्यासारखं वाटतं. माझ्या स्वभावात ती नाही. अर्धवट विणलेल्या स्वेटरांनी कपाट भरलंय. आज घाटात जे होतं ते फार किरकोळ होतं. चढावर काही ठरवायचं नाही. पुढच्या वळणापर्यंत जायचं, उतरावंसं वाटलं तर उतरून सायकल ढकलायची. मी ढकलली. नियमांत चालतं, आणि परिक्रमावाल्या तर सगळंच चालत जातात.

सिमरोलला अंधार पडला. तेजाजी नगरला इंदूरचे दिवे आणि वाहतुकीची कोंडी एकदमच भेटली. शेवटच्या शिक्क्यापर्यंत जीव टांगणीला होता तो त्या कोंडीमुळे, घाटामुळे नाही.

काका आता ३०० किलोमीटरचं म्हणतायत. त्याला २० तास मिळतात, म्हणजे रात्री सायकल चालवणं आलंच; दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचं. जाकीट बघून ठेवलंय. घरी अजून बोलले नाही.