जुन्या गोव्याचं म्युझियम, आजी आणि सहा एस्कुद

मागच्या रविवारी आजीला घेऊन जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व खात्याच्या म्युझियमला जाऊन आलो, सेंट फ्रान्सिस चर्चला लागून जुनं कॉन्व्हेंट आहे ना, तेच. आधीच सांगतो, शुक्रवारी बंद असतं. मी पहिल्यांदा नेमका शुक्रवारीच गेलेलो, कुलूप बघून आलो परत. पणजीच्या कदंब स्टँडवरून बस मिळते, साधारण दहा किलोमीटर.

बहुतेक लोक पोर्तुगीज व्हाइसरॉयांची मोठमोठी चित्रं बघतात नि सुटतात, नाण्यांपाशी कोण थांबत नाही. तुम्ही थांबा, पण जाण्याआधी थोडा हिशोब डोक्यात ठेवा, नाहीतर सगळ्या गोल चकत्याच वाटतात. पोर्तुगीजांसाठी गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कने 1510 लाच इथे नाणी पाडली, सोन्याचं मानुएल, चांदीचं एस्फेरा, तांब्याचं लेआल. नंतर सेराफिम आला (आपली अश्रफीच ती!), मग रुपिया. एका रुपियाचे सोळा तांगे, म्हणजे पलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सोळा आण्यांसारखंच. 1881 पासूनचा दों लुईशचा रुपिया तर ब्रिटिशांशी करार करून कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेला, राजा पोर्तुगालचा नि कारखाना इंग्रजांचा, कायतरीच.

मला कधीपासून कळत नव्हतं की पोर्तुगीजांच्या शेवटच्या नाण्यांत 30 नि 60 सेंताव, 3 नि 6 एस्कुद (शंभर सेंतावांचा एक एस्कुद) असले विचित्र आकडे का. आजीने एका वाक्यात सोडवलं. "अरे बाबा, रुपयाचे सहा एस्कुद केले ना त्यांनी, मग अर्ध्या रुपयाचे तीन." 1958 साली चलन बदललं तेव्हा ती तेरा वर्षांची, दुकानात जाऊन तिलाच हिशोब करावा लागायचा, कारण तिची आई रुपयातच बोलायची. कनवटीच्या पिशवीतून तिने 1959 चं सहा एस्कुदचं नाणं काढलं नि काचेवर ठेवून ताडून बघायला लागली, गार्ड जवळ आला तशी घाईघाईत परत आत. म्हणून सांगतो, घरात कोण म्हातारं माणूस असेल तर त्याला न्याच. चाळशी विसरू नका, अक्षरं बारीक असतात, मोबाईलचा झूम पण कामाला येतो.

वेळ उरला तर तिथूनच फेरीबोटीने दिवाडीला उतरा, बेट ओलांडून दुसरी फेरी धरा, की आलं नार्वे गाव. गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या गद्याण नावाच्या सोन्याच्या नाण्यावर सिंह नि ज्या सप्तकोटीश्वराचं नाव असायचं त्याचं देऊळ तिथे आहे, शिवाजी महाराजांनी 1668 ला जीर्णोद्धार केलेलं. आम्ही गेलो. दक्षिणेला सुट्टे नव्हते माझ्याकडे, आजी म्हणाली, माझ्याकडे आहेत, पण ते इथे चालायचे नाहीत.